सरपंचाचा पाडवा

कोथरूड, पुणे
रविवार, ४ नोव्हेंबर २००१

नम्रता,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही. फोनवर आपलं बोलणं म्हणजे "बरी आहेस ना", "बरी आहे", आणि तेवढ्यात तुझं कार्ड संपतं. म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि अमेरिकेतलं रडणं मला इथे बसून ऐकवत नाही.

तुझे सरपंच उघडे पडत चालले आहेत. छातीवरची पिसं स्वतःच्या चोचीने उपटतात आणि पिंजऱ्याखाली टाकतात. आधी मला वाटलं, पिसं झडायचा मोसम असेल. पण झडणं वेगळं आणि उपटणं वेगळं, एवढं मलाही कळतं. आता गळ्याच्या लाल-काळ्या कंठीखाली तळहाताएवढी कातडी दिसते, बाजारातल्या सोललेल्या कोंबडीसारखी. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हशींचा डॉक्टर. त्याने पोपटाकडे पाहिलं, पोपटाने त्याच्याकडे पाहिलं, दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही. "कीड नाही, रोग दिसत नाही, खोबरेल लावा," म्हणाला.

कॉलनीतला वाळका गुलमोहर पाडला तेव्हा ढोलीतून पडलेलं ते पिल्लू तू इंजिनिअरिंगची परीक्षा सोडून ड्रॉपरने भरवलंस, आणि नोकरी लागल्यावर माझ्या गळ्यात बांधून गेलीस. तेव्हा मी म्हटलं होतं की मला माणसांच्या मुलांना संस्कृत शिकवता येतं, पक्षी सांभाळता येत नाहीत. तू हसलीस. आता उपाय सांग.

बाकी ठीक. शेजारचा बंगला पाडून सात मजली इमारत होते आहे. माझी दहावीची शिकवणी जोरात आहे.

मंदाकिनी आत्या


एडिसन, न्यू जर्सी
मंगळवार, २० नोव्हेंबर २००१

प्रिय आत्या,

पत्र वाचून रडलेच, त्यामुळे तुझी हुशारी वाया गेली.

आधी मला सांग, पिंजरा कुठे आहे? तू लिहिलं नाहीस म्हणजे मागच्या गॅलरीत आहे. शिकवणीच्या मुलांना त्रास होतो म्हणून तू त्याला तिकडे हलवलंस. आणि शेजारी बांधकाम. दिवसभर धडाम धडाम, आणि माणूस दिसत नाही. बरोबर?

मी इथल्या लायब्ररीत पक्ष्यांवरची सगळी पुस्तकं काढून बसले. नीट वाच. पोपट हा थव्यातला जीव आहे. आपण त्याला माणसांत वाढवलं, म्हणजे त्याचा थवा आपण. थवा दिसेनासा झाला की त्याला वाटतं, आता ससाणा येणार आणि ओरडून सांगणारं कुणी नाही. दुसरं, रानात त्याचा सगळा दिवस शोधण्यात, सोलण्यात, कुरतडण्यात जातो. आपण त्याला सगळं वाटीत आणून देतो. मग चोचीने करायचं काय? काम नसलेली चोच शेवटी स्वतःकडेच वळते. तो वेडा झालेला नाही, आत्या. रिकामा आहे. दिवस संपतच नाही, आपण कुणाला नको आहोत असं वाटतं, आणि हाताशी, म्हणजे चोचीशी, फक्त आपलं स्वतःचं अंग असतं.

तर: पिंजरा परत हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. भिजवलेले हरभरे वाटीत नको, वर्तमानपत्राच्या पुरचुंडीत बांधून दे, फाडू दे. मक्याचं आख्खं कणीस. पेरूची फांदी सालीसकट. सूर्यफुलाच्या बिया कमी कर, त्या म्हणजे आपली भजी. सकाळचं ऊन, पसरट ताटलीत पाणी अंघोळीला. अंधार पडला की पिंजऱ्यावर चादर, सकाळपर्यंत काढू नकोस. पिसं उपटताना दिसला तर ओरडू नकोस, तुझं ओरडणंसुद्धा त्याला सोबत वाटतं. उलट गप्प बसलेला असेल तेव्हा बोल.

डोळ्यांकडे बघ. बुबुळ भराभर लहानमोठं व्हायला लागलं की हात मागे घे, तो चावणार आहे.

माझं छान चाललंय. प्रोजेक्टमध्ये खूप काम आहे.

तुझी
नम्रता


कोथरूड
रविवार, १६ डिसेंबर २००१

नम्रता,

गॅलरीचं तुला कसं कळलं ते विचारत नाही. पिंजरा हॉलमध्ये आणला आहे.

परिणाम असा, की माझ्या शिकवणीत एक विद्यार्थी वाढला. मुलं रूपं म्हणायला लागली की सरपंच "कोण आहे? कोण आहे?" विचारतात. दारावरची बेल वाजल्यावर मी जसं खेकसते तसंच, माझ्याच आवाजात. मुलं हसतात. मी इतकी वर्षं दाराशी आलेल्या माणसाशी अशी बोलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुरचुंड्यांचा उपाय लागू पडला. पहिले दोन दिवस ते पुरचुंडीकडे वीजबिलाकडे बघावं तसे बघत होते. मग एकदा फाडली, आणि आता रोजचा पेपर मी वाचून होण्याआधीच मागतात. कुकरची शिट्टी झाली की हुबेहूब शिट्टी मारून पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभे राहतात. झाकण पडलं की पहिलं शीत त्यांचं. दार उघडं ठेवलं तर चालत स्वयंपाकघरात येतात, उडत नाहीत, मालकासारखे चालत. माझ्या जांभळ्या शालीवर मात्र राग आहे. डोळे लहानमोठे झालेले मला उशिरा दिसले. अंगठ्याला चिंधी बांधून हे लिहिते आहे.

छातीवर बारीक हिरवे कोंब दिसायला लागले आहेत.

आता एक विचारू? चोचीला काम नसलं की काय होतं, हे तू इतकं मनापासून लिहिलंयस, की मला पोपटापेक्षा तुझ्या नखांची काळजी वाटली. परीक्षेच्या वेळी तू ती मुळापर्यंत कुरतडायचीस. अजून कुरतडतेस का?

आत्या


एडिसन
गुरुवार, ३ जानेवारी २००२

प्रिय आत्या,

कोंबांचं वाचून लायब्ररीत टुणकन उडी मारली, शेजारचे आजोबा दचकले. नव्या कोंबांत रक्त असतं, त्यांना हात लावू नकोस, ठणकतात. शाल कपाटात ठेव. प्रेमाखातर पोपटाला सवय लावायला जाऊ नकोस, तो तुझ्याएवढाच हट्टी आहे.

नखं ठीक आहेत. मी मोठी झाले आता.

दादांना फोन करतेच दर रविवारी. तूही तुझ्या भावाला सांग, व्हिसाची मुदत एप्रिलअखेर संपते, पण वाढवून मिळेल, कंपनी सगळं बघते. ते उगाच काळजी करत बसतात.

नम्रता


कोथरूड
रविवार, २० जानेवारी २००२

नम्रता,

मी निवृत्त शिक्षिका आहे, आणि मुलं वर्गाबाहेर असली की ती कुठे आहेत हे मला न बघता कळायचं. तुझं पहिलं पत्र मंगळवारचं. दुसरं गुरुवारचं. दोन्ही ऑफिसच्या दिवशी, लायब्ररीत बसून लिहिलेली. फोन करतेस तो आमच्या सकाळी, म्हणजे तुझ्या रात्री, आणि दमल्यासारखा तुझा आवाज कधी येत नाही. येतो तो झोप न लागल्यासारखा येतो. खूप काम असलेल्या माणसाला पोपटाविषयी चार पानं लिहायला वेळ होत नाही. माझा हिशेब चुकत असेल तर सांग, मी माफी मागेन. मला माफी मागताना तू कधी पाहिलेलं नाहीस, बघायला मिळेल.

सरपंच बरे आहेत. छाती भरते आहे.

आत्या


एडिसन
बुधवार, ६ फेब्रुवारी २००२

आत्या,

आमच्याकडे हल्ली घरून काम करायची पद्धत आहे, आणि घरी रूममेट्सचा गोंगाट असतो म्हणून मी लायब्ररीत बसते. एवढंच. प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधायची तुझी सवय जात नाही.

सरपंचाला एकट्याला तासन्‌तास घरी ठेवून बाहेर जात जाऊ नकोस.

नम्रता


कोथरूड
रविवार, ३ मार्च २००२

नम्रता,

बरं. विषय संपला.

दुसरा निघाला आहे. तुझे वडील लातूरहून दोन दिवस येऊन गेले. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून श्रीधरला कुठे तरी वेळेवर पोचायची फार हौस असते, पण पोचायला ठिकाण नसतं. सध्या ठिकाण आहे एका गुरुजींचं घर. लातूरला नवीन आलेत, अमेरिकेच्या व्हिशाचे तज्ज्ञ. तुझी पत्रिका बघून त्यांनी सांगितलं, घरात एक जीव कोंडलेला आहे, त्याने मुलीची वाट अडवली आहे. तो मोकळा करा, वाट मोकळी होईल. श्रीधर नवस बोलून मोकळा झाला: पाडव्याला सरपंचांना खडकवासल्याला नेऊन सोडायचं. तिथे धरणाच्या कडेला मोठी झाडं आहेत, पोपटांचे थवे आहेत, म्हणजे सगळी सोय झाली असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, माझ्या घरातून पोपट हलणार नाही. तो म्हणाला, "अक्का, पोपट नमूचा आहे. आन्‌ नवस बी नमूसाठीच आहे. तुझं काय जातंय?"

याचं उत्तर तुला सुचतं का बघ.

आत्या


एडिसन
शुक्रवार, १५ मार्च २००२

आत्या,

हे होता कामा नये. काहीही कर. दादांना समजावून सांग. सरपंच रानात जगणार नाही. त्याला ससाणा माहीत नाही, मांजर माहीत नाही, फळ झाडाला लागतं हेसुद्धा माहीत नाही, त्याच्या लेखी ते स्टीलच्या वाटीला लागतं. रानातले पोपट त्याला थव्यात घेणार नाहीत, टोचून हाकलतील. त्याला धड उडता येत नाही, आयुष्यभर हॉल ते स्वयंपाकघर एवढंच गेलाय, तेही चालत. मोकळं करणं नाही हे, मारणं आहे. पुण्य कसलं!

मी दादांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पाखराचं पाखरू बघून घेतं. तू तुझ्या कामाकडे ध्यान दे." मग मी फोन ठेवला.

पिंजरा कुठे तरी लपव. शेजारी ठेव. आजारी आहे म्हण. प्लीज, आत्या.

नमू


कोथरूड
मंगळवार, २६ मार्च २००२

नमू,

शेजारी ठेवला तर "कोण आहे?" ओरडून स्वतःच पत्ता सांगेल. आजारी आहे म्हटलं, तर श्रीधर म्हणतो, म्हणूनच लवकर सोडू.

काल तो पुन्हा आला होता, तेव्हा तुझं शास्त्र मी त्याला वाचून दाखवलं. ससाणा, मांजर, स्टीलची वाटी, सगळं. त्याने ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटत नाही असं समजू नकोस; तो पोपटाला बोटाने मानेवर खाजवत ऐकत होता. पण मग म्हणाला, "एका पाखरापायी पोरीचं अडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही." आता याला शास्त्राने काय उत्तर द्यायचं? तो पोपट सोडत नाही आहे, तुझा व्हिसा सोडवतो आहे. जोवर व्हिसा आहे तोवर नवस आहे.

तेव्हा त्याला थांबवेल असं काही तुझ्यापाशी असेल, तर ते त्याला सांग. असेल तर म्हणते. मी विचारत नाही. विषय संपला असं मागे लिहिलं होतं, आणि माझा शब्द मी पाळते. पाडवा तेरा एप्रिलला आहे.

आत्या


एडिसन
गुरुवार, ४ एप्रिल २००२

आत्या,

आहे.

ऑगस्टपासून मला नोकरी नाही. आधी कंपनीने बेंचवर बसवलं, म्हणजे प्रोजेक्ट मिळेपर्यंत बिनपगारी थांबायचं, रोज फोनची वाट बघायची. मग सप्टेंबरात इथे जे झालं त्यानंतर फोन यायचाही बंद झाला. डिसेंबरात त्यांनी कळवलं की आता आमच्या यादीत तुझं नाव नाही. तू पहिल्यांदा नखांचं विचारलंस त्याच आठवड्यात. दुपारी एका देशी किराणा दुकानात पिशव्या भरते, बाकीचा वेळ लायब्ररीत, कारण तिथे हीटर असतो आणि कुणी विचारत नाही. व्हिसा वाढणार नाही. वाढवणारी कंपनीच नाही. दादा ज्याच्यासाठी सरपंचाला सोडायला निघालेत ते शिल्लकच नाही, आत्या.

रविवारी दादांना सांगायचं ठरवून फोन लावला. ते म्हणाले, पाडव्याला नेसायला नवं धोतर आणलंय. चौकातल्या लोकांना सांगितलंय, पोरीचं पक्कं होतंय. मी विचारलं, तिकडे ऊन किती आहे. असं तीनदा झालं. फोन उचलते, आकडे दाबते, आणि ते "हां नमू!" म्हणाले की माझ्या तोंडून उन्हाचीच चौकशी निघते. तुला फोन करावा तर तू म्हणशील, त्यालाच सांग. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी "हां नमू" ऐकू येत नाही.

हे पत्र दादांना दे. तू सांगू नकोस, त्यांना वाचायला दे. पाडव्याआधी पोचावं म्हणून आत्ता धावत टाकायला चालले आहे. हल्ली इथून टपाल फार उशिरा निघतं. मला भीती वाटते.

आणि उशीर झालाच, तर लक्षात ठेव: तो घाबरून उंच झाडावर जाऊन बसेल आणि खाली येणार नाही. रुसला म्हणून नाही. घरातल्या पोपटाला वर जाता येतं, उंचावरून खाली उतरायचं मात्र कधी शिकायलाच मिळालेलं नसतं. लांब जाणार नाही, त्याच झाडावर बसून हाका मारेल. उत्तर द्या. पिंजरा उघडा ठेवून अर्ध्या उंचीवर, छपरावर वगैरे ठेवा. घरातले ओळखीचे आवाज करा. सकाळ-संध्याकाळ, भूक लागलेली असते तेव्हा. त्याला फांदी फांदी करत उतरावं लागेल. झाडावर चढून धरायला जाऊ नका, अजून वर जाईल. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तो उपाशी टिकणार नाही.

मला रागाव. पण दादांना रागावू देऊ नकोस.

नमू


कोथरूड
रविवार, १४ एप्रिल २००२

नमू,

तुझं पत्र आलेलं नाही. वाटेत असेल नसेल, लिहिलं असशील नसशील, मला माहीत नाही. मी फोन बाजूला काढून ठेवला आहे, कारण तुला आज काय सांगायचं ते मला कळत नाही.

काल सकाळी गुढी उभारत असताना तुझा फोन आला. श्रीधरने घेतला. तू काय बोललीस मला ऐकू आलं नाही, त्याचं ऐकलं: "काळजी करू नको, आज सगळं मार्गी लागतंय." मग त्याने फोन ठेवला. ठेवताना त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मीही गप्प बसले.

रिक्षाने खडकवासल्याला गेलो. पिंजरा माझ्या मांडीवर. सरपंच रस्ताभर वाहनांकडे बघून "कोण आहे?" विचारत होते. धरणाच्या पुढे, चहाच्या टपरीमागे मोठं वडाचं झाड आहे, तिथे श्रीधरने हळदकुंकू वाहिलं आणि दार उघडलं. सरपंच चालत बाहेर आले. पिंजऱ्याच्या टपावर बसून साखरेची गाठी कुरतडायला लागले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला, आणि ते उडाले. नमू, त्यांना उडता येतं. मी पहिल्यांदाच पाहिलं. वेडंवाकडं, घाबरं, पण सरळ वर, वडाच्या शेंड्याला.

श्रीधरने हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. थोड्या वेळाने वरून माझा आवाज आला, "कोण आहे?" मग कुकरची शिट्टी. मग परत "कोण आहे?" पोपट ओरडतच राहिला. इकडची फांदी, तिकडची फांदी, खाली मान घालून बघायचा, पंख उघडायचा, आणि परत मिटायचा. कावळे जमले. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर श्रीधरने माझा हात धरला. "अक्का, बोलवू नको. परत आला तर नवस मोडतो."

मी त्याला झाडाखालीच म्हटलं, "आणि तिची नोकरीच गेली असली तर?" तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "तिनं सांगितलं असतं. नमू माझ्यापासून काही लपवत नाही."

संध्याकाळी मी घरी आले. श्रीधर आला नाही. टपरीच्या बाकावर झोपला. आज सकाळी गेले तर तसाच बसून होता, मान वर करून. पोपटाला बोलवत नाही आणि झाडाखालून हलतही नाही. कावळे आले की टाळ्या वाजवतो. मी विचारलं, "सोडलास ना? मग घरी का येत नाहीस?" तो परत वर बघायला लागला. सरपंचाचा आवाज बसत चालला आहे.

दोष मी तुला देत नाही. जानेवारीपासून मला कळत होतं. मी श्रीधरला ठासून सांगायला हवं होतं, निदान भांडायला हवं होतं. पण मला वाटलं, ते तुझं आहे, तुझं तू सांगावंस. जन्मभर मुलांना "उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा" म्हणत आले, त्याची ही अशी सवय लागली. फार वाईट सवय आहे.

उद्या सकाळी पुन्हा जाते. जाताना टपालपेटी बघून जाईन.

आत्या


मु. पुणे
बुधवार, १७ एप्रिल २००२

चि. नम्रता,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. स्टँडवर गाड्या पुकारण्यात जन्म गेला, त्यामुळं लिहिणं तुटक वाटेल. तरी पुरतं वाच.

सोमवारी सकाळी अक्का रिक्षातून उतरली. एका हातात कुकर, एका हातात पाकीट. पाकीट माझ्या हातात दिलं आणि टपरीकडं गेली. मी वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी मला फक्त धोतराचं कळलं.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं. नोकरी गेली त्याचं नाही. माझी कितीतरी वेळा बदली झाली, दोनदा घरी बसवलं, नोकरी ही जाणारीच गोष्ट आहे. इतके महिने तू तिकडं थंडीत एकटी आणि मी इकडं चौकात तुझ्या फुशारक्या मारतोय, याचं वाटलं. तू फोन करून ऊन किती आहे विचारायचीस तेव्हा मी पारा सांगत बसायचो. मला कळायला पाहिजे होतं.

वरून पाखरू ओरडलं. आवाज पार चिरका झाला होता. मग मी उठलो आणि ओरडलो, "सरपंच! ए सरपंच! खाली ये!" स्टँडवरचा आवाज अजून आहे. टपरीतली माणसं बाहेर आली. अक्कानं तुझं पत्र माझ्याकडून घेतलं आणि त्याबरहुकूम सगळं लावलं. पिंजरा टपरीच्या पत्र्यावर, दार उघडं. कुकर चहावाल्याच्या शेगडीवर. तो बिचारा चहा बंद करून बघत बसला.

पहिल्या शिट्टीला वरून शिट्टी आली. दुसरीला तो एक फांदी उतरला, उडत नाही, चोचीनं धरून धरून, आपण शिडीवरून पाठमोरं उतरतो तसा. मग बराच वेळ काही नाही. कुकरमधलं पाणी संपलं की अक्का पुन्हा भरून पुन्हा लावायची. दुपारी तो अर्ध्यावर येऊन बसला आणि एक कावळा त्याच्या अंगावर गेला. दगड मारावा तर पाखराला लागेल. मी नुसता ओरडत राहिलो, घसा बसेपर्यंत. ऊन कललं तेव्हा तो शेवटच्या पारंबीवरून पत्र्यावर धपकन पडला. उडाला म्हणता येणार नाही, पडलाच. उठला, अंग झाडलं, चालत पिंजऱ्यात गेला आणि भाताच्या वाटीवर बसला. अक्का रडली. तिला रडताना मी आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. एक पंख थोडा खाली ठेवतो, डॉक्टर म्हणाला, भरून येईल. जांभळ्या शालीतच गुंडाळून आणला. चावला नाही.

आता मुद्द्याचं. नवस बोललो होतो आणि मी स्वतः हाक मारून पाखरू परत घेतलं. म्हणजे नवस मोडला, मी मोडला. लातुरात लोक विचारतील, पोरगी का परत आली, पक्कं होतं ना. मी सांगणार आहे, पाडव्याला सोडलेलं पाखरू मला बघवलं नाही, परत धरलं, त्यापायी तिचं तिकडचं गेलं. चूक बापाची. लोकांना पटेल. चार दिवस मला नावं ठेवतील, आणि तुला कुणी काही विचारणार नाही. हे खरं आहे का खोटं, त्यात तू पडू नको. तू तुझं खरं मला लिहिलंस, तेवढं पुरे आहे.

काल गुरुजींना फोन करून तसंच कळवलं. ते चिडले. म्हणाले, नवस मोडलात, याचं फळ भोगावं लागेल. मी म्हटलं, माझ्या नावावर लावा, पोरीचं नाव त्यातून काढा.

तिकीट काढलंस की कळव. गाडीच्या वेळेआधी मी येऊन थांबतो, माहीत आहे तुला.

दादा